दोन टॉवेल

लक्ष्मणरावांनी दोरीवरून टॉवेल ओढला, तर तो दोरीवर होता तसाच, मधोमध वाकलेला, त्यांच्या हातात आला. त्यांनी तो झटकला. वाक गेला नाही. मग त्यांनी तो आपल्या कोपरावर घासून पाहिला. उन्हानं रापलेल्या कातडीवर पांढरी रेघ उठली.

"मामीले याच्यानं पुसता तुमी?"

भाग्यलक्ष्मी पायरीवर चपला काढत होती. ती उपकेंद्रातली नर्स. दर मंगळवारी स्कूटीवरून गावात यायची आणि शेवटी या घरी थांबायची. घरात बयनाबाई खाटेवर होत्या. संक्रांतीनंतर चार दिवसांनी त्यांना लकवा झाला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. समजत सगळं होतं. नुसते शब्द बाहेर येत नव्हते.

दोघांनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं. माकडहाडावर लिंबाएवढा लाल डाग होता. भाग्यलक्ष्मीनं त्यावर बोट दाबून धरलं, उचललं, आणि पाहिलं. लाली तशीच होती.

"कातडी फाटली नाही अजून," ती म्हणाली. "पण फाटली तर जखम आत जाते, मामा. मंग घरी नाही होत. आदिलाबादले न्या लागंल."

"आता काय करू ते सांग."

"दोन-दोन घंट्यानं कूस बदला. आंग ओलं राहू देऊ नका. अन् घासायचं नाही, टिपायचं. मऊ टॉवेलानं. हा नाही." तिनं त्यांच्या हातातला टॉवेल नखानं वाजवून दाखवला.

"जुनं लुगडं घेतलं तर?"

"आताचं लुगडं नायलॉनचं, पाणी ओढत नाही. ओल राहते मागं. टॉवेलच पाह्यजे."

लक्ष्मणरावांनी मान हलवली. बायकोला घेऊन दवाखान्यातून घरी आले तेव्हा पेटीत त्यांचे स्वतःचेच तीन टॉवेल घडी करून ठेवलेले होते. हाताला गार आणि भरलेले लागणारे. याच भाग्यलक्ष्मीनं तेव्हा ते पाहून, हे चालतील, असं म्हटलं होतं. महिनाभर लक्ष्मणरावांनी ते धुतले आणि त्यांचं हे असं झालं होतं. टॉवेल तेच, बोर तीच, साबणाची पावडर तीच. हात तेवढे बदलले होते.

मुलगी अश्विनी भैंशाला शाळेत शिकवायची. पंधरा दिवस सुट्टी काढून राहिली, मग वर्गाच्या परीक्षा आल्या. मायला घेऊन चला म्हणाली होती. लक्ष्मणरावच नको म्हणाले. कापूस वेचून झाला होता, ज्वारी उभी होती पण तिला त्यांची रोज गरज नव्हती. बायकोला अंघोळ घालणं, केस विंचरणं, भरवणं ते शिकले. लुगडं नेसवायला शेजारच्या देवकाबाई यायच्या. कपडे धुण्यात शिकण्यासारखं काही असेल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी त्यांनी पावडर दुप्पट घातली. टॉवेल बुडवला, तुडवला, पिळला, कडक उन्हात घातला. तासाभरात तो वाळला आणि आधीपेक्षा ताठ झाला.

दुसऱ्या दिवशी ते बसनं इचोड्याला गेले. दुकानदारानं निळी बाटली पुढे केली. "एक ढक्कन डालो काका, मखमल हो जाता।" टॉवेल खरंच मऊ झाला, वासही चांगला आला. संध्याकाळी त्यांनी बयनाबाईंच्या पाठीवर तो टेकवला तर पाणी टिपलंच जाईना. थेंब नुसते इकडून तिकडे सरकत राहिले. त्यांनी बाटली न्हाणीच्या कोनाड्यात ठेवून दिली.

अश्विनीनं फोनवर सांगितलं, "बाबा, पावडर कमी करा. शेवटच्या पाण्यात सिरका टाका थोडा."

"कमी करू? दुप्पट केली मी."

"म्हणूनच ताठ होऊन राह्यला. साबण आतच राहते. बोरच्या पाण्यानं निघत नाही."

सिरक्यानं थोडा फरक पडला. थोडाच. लक्ष्मणरावांनी तो टॉवेल स्वतःच्या गालावर, मानेवर, पोटाच्या कातडीवर लावून पाहिला आणि खाली ठेवला. बोरवर पाणी भरायला आलेल्या बाया त्यांच्याकडे पाहून पदराआड हसत होत्या. गावातला एकही पुरुष त्यांनी दगडावर बसून टॉवेल धुताना पाहिला नव्हता. लक्ष्मणरावांनी मान वर केली नाही. त्यांनी तो परत बादलीत बुडवला.

त्या रात्री जेवण भरवून झाल्यावर त्यांनी तिन्ही टॉवेल खाटेवर आणून ठेवले.

"मी विचारतो, तू मान हालव," ते म्हणाले. "सोडा टाकत होतीस?"

बयनाबाईंनी मान हलवली. नाही.

"गरम पाणी?"

नाही.

"रिठा?"

नाही. मग त्यांनी डावा हात उचलला आणि दाराकडे केला. बोटं लांब करून, दाराच्या पलीकडे, खाली.

"बाहेर जाचं?" लक्ष्मणराव उठले. त्यांनी खाट ओढत दारापाशी नेली, उशी वर केली. "इथं वारा येते. बरं वाटते?"

बयनाबाईंनी डोळे मिटून घेतले. हात खाटेच्या लाकडी कडेवर आदळला, एकदाच. चुकलो हे लक्ष्मणरावांना कळलं, कुठं चुकलो ते कळलं नाही. त्यांनी खाट जागेवर नेली.

शुक्रवारी डागाच्या मधोमध कातडी चकाकायला लागली. लक्ष्मणरावांनी भाग्यलक्ष्मीला फोन केला. ती म्हणाली, रात्रीतूनही कूस बदला, मंगळवारपर्यंत पाहू. ते गजर लावून उठत राहिले. सकाळी देवकाबाई लुगडं नेसवायला आल्या तेव्हा ते अंगणात चौथ्यांदा टॉवेल खळबळत होते.

देवकाबाई पायरीपाशीच थांबल्या.

"काऊन जीव काढून राह्यले, भाऊ? या पाण्यानं नाही होत ते."

"मंग कोणत्या पाण्यानं होते?"

"नाल्याच्या." त्यांनी दाराच्या पलीकडे, उताराखाली हात केला. ज्वारीच्या रानाखाली नाला होता. उन्हाळ्यातही त्याच्या एका डोहात पाणी राहायचं. "त्या पाण्यात डाळ पटकन शिजते, साबण पटकन सुटते. बयना बोरवर धुवायची अन् शेवटचं पाणी नाल्याचं घ्यायची. वावरातून येताना एक घागर आणायची रोज."

लक्ष्मणरावांनी टॉवेल बादलीत सोडला. आत खाटेवर हात दाराकडे कसा गेला होता, ते त्यांना आता दिसलं.

"रोज?"

"रोज. पिळायची पण नाही जास्त. असा धरायची अन् फटकारायची, दहादा, वीसदा. मंग निंबाखाली सावलीत. अर्धा सुकला की पुन्हा फटकारायची."

"मले कधी बोलली नाही."

"तुमीच बोलले होते म्हणे. लगीन झाल्यावर, पयल्या उन्हाळ्यात. टॉवेल आंगाले टोचते म्हणून."

लक्ष्मणरावांनी आठवायचा प्रयत्न केला. उन्हाळे पुष्कळ आठवले. ते वाक्य आठवलं नाही.

"सगळेच कपडे धुवायची का त्या पाण्यात?"

"सगळे कसे होतील? एका घागरीत एकच निघते." देवकाबाईंनी दार ओलांडता ओलांडता सांगितलं. "तुमचा."

त्या आत गेल्या. लक्ष्मणराव न्हाणीत आले. कोपऱ्यातल्या खुंटीवर बयनाबाईंचा टॉवेल होता, चौकड्यांचा, लाल रंग उडालेला. संक्रांतीपासून तो तिथंच होता. इतक्या वेळा ते तिथं उभे राहिले होते, त्याला हात लावायचं कारण पडलं नव्हतं. त्यांनी तो काढला. खुंटीचा उंचवटा त्यात तसाच राहिला होता. त्यांनी तो कोपरावर घासला नाही. नुसता हातात धरून उभे राहिले. आतून देवकाबाईंनी हाक मारली तेव्हा भानावर आले.

त्याच सकाळी ते नाल्यावर गेले. वाट बांधावरची, जेमतेम एक पाऊल मावेल एवढी. मोटारसायकल जायचा प्रश्नच नव्हता. जाताना उतार होता, येताना चढ. बयनाबाईंना दिवसाला दोन टॉवेल लागायचे, म्हणून दोन खेपा. पहिले दोन दिवस त्यांनी घागर खांद्यावर आणली. तिसऱ्या दिवशी खांदा सुजला. मग त्यांनी चुंबळ केली आणि घागर डोक्यावर घेतली. बोरवरच्या बाया पाहत राहिल्या. त्यांच्यातली एक जण, पदर दाताखाली धरून, म्हणाली, "भाऊ, मान सरळ ठेवा. नजर पुढं. पायाकडं पाह्यलं की सांडते." लक्ष्मणरावांनी नजर पुढं ठेवली.

पहिल्या दिवशी टॉवेल फार मऊ झाला नाही. आतला जुना साबण निघायला तीन धुणी लागली. चौथ्या दिवशी निंबाखालून त्यांनी तो काढला, तो हातात आल्यावर दुमडून पडला. गालाला लावला. मग आत जाऊन त्यांनी बयनाबाईंच्या डाव्या तळहातावर तो ठेवला. त्यांनी अंगठा त्याच्यावरून फिरवला, काठापासून काठापर्यंत, आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"नाल्याचं पाणी," लक्ष्मणराव म्हणाले. "देवकाबाईनं सांगितलं. तू तं दाखवलं होतं. मी गाढव."

बयनाबाईंच्या तोंडाची डावी बाजू थोडी वर गेली.

पुढच्या मंगळवारी भाग्यलक्ष्मीनं डाग दाबून पाहिला. चकाकी गेली होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी तिनं बोट उचललं तेव्हा त्या जागी कातडी क्षणभर पांढरी झाली आणि मग रंग परत आला.

"रक्त फिरून राह्यलं," ती म्हणाली. "कोणी सांगितलं तुमाले हे सगळं?"

"हिनंच."

भाग्यलक्ष्मीनं बयनाबाईंकडे पाहिलं, मग लक्ष्मणरावांकडे, आणि वहीत काहीतरी लिहिलं. जाताना तिनं निंबाखालच्या दोरीवरचा टॉवेल बोटांत धरून पाहिला.

मार्च संपत आला तशी बयनाबाईंना उशांच्या आधारानं बसता यायला लागलं. एका सकाळी लक्ष्मणराव दुसरी खेप संपवून, अंघोळ करून आत आले. भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून ते खाटेपाशी बसले. बयनाबाईंनी तोंड उघडलं नाही. त्यांच्या मानेकडे पाहत होत्या. मानेवर, कानाखाली, घासून घासून लाल झालेला पट्टा होता आणि त्यात घामानं आलेली बारीक पुळी.

"काही नाही. ऊन," लक्ष्मणराव म्हणाले.

बयनाबाईंनी डावा हात लांब केला आणि त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. चौकड्यांचा, लाल रंग उडालेला. त्यांनी तो ओळखला. बोटांनी त्याचा ताठ काठ चाचपला. लक्ष्मणराव वाटीतलं दूध ढवळत राहिले.

"तुले दोन लागतात," ते म्हणाले. "माझं होते याच्यात. मले काय, मी चालता-फिरता आहो."

बयनाबाईंच्या मांडीवर सकाळीच वाळलेला मऊ टॉवेल होता. त्यांनी चौकड्यांचा टॉवेल त्याच्यावर ठेवला. एका हातानं, हळूहळू, काठाला काठ लागेल असा. मग त्या दोन्हींवर तळहात ठेवला आणि कोपऱ्यातल्या घागरीकडे पाहिलं.

"एका घागरीत एकच निघते, बयना."

त्यांनी मान हलवली. नाही, म्हणून नव्हे. माहीत आहे, म्हणून. तळहात तसाच राहिला.

लक्ष्मणरावांनी चमचा पुढं केला, तोही त्यांनी घेतला नाही. बाहेर ऊन पायरीपर्यंत आलं होतं आणि चढावर सावली म्हणून कुठे उरली नसणार. त्यांनी वाटी खाली ठेवली, माशा बसू नयेत म्हणून तिच्यावर ताटली झाकली.

"आल्यावर तं खाशील?"

बयनाबाईंनी तळहात उचलला.

लक्ष्मणरावांनी वरचा टॉवेल घेतला, तो बादलीत भिजत टाकला, आणि ते घागर उचलून तिसऱ्या खेपेला निघाले.