चौदावं रीळ

उत्तमराव सकाळपासून गच्चीवर उन्हात बसले होते. डोळ्याला घड्याळजीकडून मागून आणलेलं भिंग, मांडीवर जुन्या पिक्चरचं रीळ, आणि त्याची फीत दोन्ही हातांनी आभाळाकडे धरलेली. अडुसष्ट वर्षांचा माणूस असा तोंड वर करून बसलेला पाहून शेजारीण दोनदा कपडे वाळत घालायला आली, तेही तेच कपडे. येऊ दे. पांढुर्ण्यात आपल्या घराविषयी बोलायचं लोकांनी आता काही शिल्लक ठेवलं नव्हतं. अकरा वाजता रामाकोन्याहून व्याही येणार होते, आणि त्याआधी उत्तमरावांना या फितीत आपली मुलगी जिवंत सापडायला हवी होती.

मुलगी तृप्ती. दहा वर्षांपूर्वी रामाकोन्याला दिलेली, घरची संत्र्याची बाग, नवरा नितीन स्वभावाने गरीब. पाच वर्षांचा मुलगा, गौरव. दीड महिन्यापूर्वी सासरे नत्थूजी स्वतः जीप घेऊन आले, सुनेला माहेरी उतरवलं आणि नातवाला घेऊन परत गेले. आज ते पोराला आईला एकदा दाखवणार होते आणि कायमचं सांगून जाणार होते की आता भेट नाही.

कारण तृप्ती अधूनमधून तृप्ती राहत नसे. बोलता बोलता तिची मान कलायची, आवाज बारीक व्हायचा आणि सदतीस वर्षांची बाई सात वर्षांच्या पोरीसारखी फ्रॉकचं टोक शोधू लागायची. नाव विचारलं तर ‘बेबी’ सांगायची. तासाभराने भानावर आली की तिला त्यातलं काहीच आठवायचं नाही. तिचे डोळे मात्र घाबरलेले असायचे.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. ही दोन माणसं नाहीत, एकाच माणसाचं मन लहानपणी कशाने तरी फुटलेलं आहे. इलाज लांबतो, पण होतो. असे रुग्ण दुसऱ्याला क्वचितच इजा करतात, जपायचं ते त्यांनाच. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं होतं, “लहानपणी काही घडलं होतं का हिच्याबाबतीत?” उत्तमराव नाही म्हणाले होते.

नत्थूजींना मात्र डॉक्टरची गरज नव्हती. त्यांनी पिक्चर पाहिला होता, आणि तोही उत्तमरावांच्याच तंबूत.

तीस वर्षांपूर्वी उत्तमराव फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर होते. जामसांवलीची जत्रा असो की सावरगावचा बाजार, शेठचा तंबू लागला की मशीनवर उत्तमराव. त्यांच्याकडचा सगळ्यात चालणारा पिक्चर दोन मनांच्या बाईचा होता. दिवसा ती पांढऱ्या साडीत तुळशीला पाणी घालायची. मग वीज कडाडायची, ती आरशासमोर जायची, केसांची एक बट कपाळावर यायची, आवाज घोगरा व्हायचा आणि हातात सुरा. तंबूत बाया किंचाळायच्या आणि लेकरं आईच्या पदरात शिरायची. तेराव्या रिळात पोलीस तिला धरायचे. तिथेच उत्तमराव दिवा बंद करायचे. चौदावं रीळ त्यांनी कधी लावलंच नाही. शेठचा हुकूम होता, “त्याच्यात डॉक्टरचं लेक्चर हाय, बाई बरी होते अन् पब्लिक बोर होते. दुसरा शो टायमावर सुरू कर.”

पुढे तंबू बुडाला, शेठ मेला, आणि पगाराऐवजी काही डबे उत्तमरावांच्या घरी आले. बायको होती तोवर तिने त्यांत पापड भरले. एकाच डब्यात रीळ तसंच राहिलं, तेच हे चौदावं. गेल्या आठवड्यात ते आठवल्यावर उत्तमरावांना एकदम हुरूप आला. नत्थूजींनी अर्धाच पिक्चर पाहिला होता. पुरा दाखवला, ती बरी झालेली दाखवली, तर माणूस का नाही ऐकणार? सौंसरच्या बंद पडलेल्या टॉकीजमध्ये ते मशीन मागायला गेले, तर मशीन कधीच भंगारात गेलं होतं. मग हे भिंग आणि हे ऊन.

हातभर फीत म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. उत्तमराव हात-हात फीत सरकवत होते. रंग उडून सगळी माणसं गुलाबी पडली होती. चष्मेवाला डॉक्टर आला, त्याची बोलणारी तोंडं आली, किती आली! मग त्याने बाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाई हसली. उत्तमरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, भिंग धूसर झालं. त्यांनी ते धोतराला पुसलं आणि फीत पुढे ओढली.

पुढे बाई गच्चीवर होती. केसांची बट कपाळावर. पुढच्या हातभर फितीत ती कठड्यावर चढली होती. त्याच्या पुढे नुसतं आभाळ. मग खाली पांढरी साडी, भोवती माणसं, आणि त्यानंतर घरामागच्या बागेत तिच्याच नवऱ्याशेजारी दुसरीच बाई, कडेवर तिचंच मूल, सगळे हसत. फीत संपली.

उत्तमरावांनी ती उलटी फिरवून पुन्हा पाहिली. पिक्चरवाल्यांना त्या बाईचं काय करायचं ते सुचलंच नव्हतं! दोघींपैकी एकीला मारायचं, तर दोघी एकाच अंगात, म्हणून अंगच ढकलून दिलं. उत्तमरावांना स्वतःचा राग आला, शेठचा आला, त्या गुलाबी डॉक्टरचा आला.

आणि मग त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. दाढीच्या पात्याने डोक्यावर हात ठेवलेल्या चौकटीच्या पुढची सगळी फीत कापून पाण्याच्या टाकीमागे टाकली. भिंगाला मोबाइल लावून हसऱ्या बाईचे दोन फोटो काढले आणि खाली गेले.

व्याही वेळेवर आले. नत्थूजी खुर्चीत, नितीन दाराशी, त्याच्या मांडीवर गौरव. तृप्ती आतल्या खोलीत होती, तिला बाहेर बोलवायचं की नाही यावर अजून कोणी बोललं नव्हतं. गौरवने दोनदा “आई कुठी हाय?” विचारलं आणि दोन्ही वेळा नितीनने त्याच्या हातात बिस्किट दिलं.

“इवाई, आमचं तुमच्यासंगं भांडण नाही,” नत्थूजी म्हणाले. “पण पोट्ट्याले बैलाच्या कोठ्यात कोंडून, आतून कडी लावून, हातात विळा घेऊन सकाळपासून सांजवरी बसली जी ती! आमी दार तोडलं. उद्या काही झालं तर?”

“तिनं त्याले खरचटू बी नाही दिलं,” उत्तमराव म्हणाले. “अन् हे पाहा. तो पिक्चर, तुम्ही अर्धाच पाहिला होता. आखरीले ती बरी होते. पाहा, हसून राहिली.”

नत्थूजींनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि हळूच परत दिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती, आणि ती रागापेक्षा वाईट होती.

“उत्तमजी, तुमी कापून दाखवत होते हे समद्या तहसीलीले मालूम होतं. म्हणून मी नागपूरले जाऊन पुरा पाहिला. मरते ती. ती मरते तवाच त्या घराची साडेसाती सुटते.” त्यांनी घसा साफ केला. “मी काही तिच्या मरणावर नाही टपलो. पण माझा नातू मी तिच्याजवळ नाही ठेवत.”

नितीन चाचरत सासऱ्यांना म्हणाला, “मामाजी, त्या दिवशी सकाळपासून चांगली होती जी. कापसाच्या जिनिंगवाले पाहुणे आले होते, चहा बी तिनंच दिला. त्यायनं गौरवले नुसतं म्हटलं, चल बेटा, तुले जनरेटर दाखवतो. तेवढ्यात हिचा चेहरा बदलला. पोट्ट्याले उचललं अन् पळाली.”

जनरेटर.

तंबूच्या मागे शेठचा जनरेटर असायचा. जामसांवलीच्या त्या जत्रेत सात वर्षांची तृप्ती बापासोबत आली होती. तिला तेव्हा सगळे बेबी म्हणत. शेठ मशीनच्या खोलीत येऊन म्हणाला होता, “चल बेबी, तुले जनरेटर दाखवतो.” अर्ध्या शोनंतर ती एकटी परत आली. उत्तमरावांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळायचं ते कळलं. ती म्हणाली, “बाबा, मशीन बंद करा ना. मले सांगायचं हाय.” मशीनवर सहावं रीळ होतं, तंबू भरलेला होता आणि नोकरी शेठची होती. “शो सुटू दे,” ते म्हणाले. शो सुटला, दुसरा लागला. तिने पुन्हा काही म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. तीस वर्षं विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हाही ते नाही म्हणाले.

नत्थूजी उठले. त्यांनी गौरवला नितीनच्या मांडीवरून घेतलं. पोर हातपाय झाडू लागलं, “आई!” म्हणून ओरडलं. त्या ओरडण्याने आतलं दार उघडलं.

तृप्ती बाहेर आली. मान कललेली, दोन्ही हातांनी कुडत्याचं टोक चुरगळत. नत्थूजींनी तिला एकदाच पाहिलं, पोराला छातीशी घट्ट धरलं आणि पायऱ्या उतरले. जीपचं दार आपटल्याचा आवाज आला.

उत्तमराव दाराकडे धावणार तोच ती म्हणाली, “बाबा, मशीन बंद करा ना. मले सांगायचं हाय.”

बाहेर गौरव रडत होता. चार पावलं टाकली असती, जीपसमोर आडवं पडलं असतं, नत्थूजींचे पाय धरले असते, तर कदाचित घटकाभर तरी पोर थांबलं असतं. उत्तमरावांनी दाराकडे पाहिलं आणि मग मुलीकडे. आताही ‘थांब’ म्हटलं, तर ती पुन्हा कधी सांगायला येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हातातला मोबाइल त्यांनी बंद करून उपडा ठेवला आणि ते जमिनीवर तिच्यासमोर बसले.

“केली बंद, बेबी. सांग.”

“शेठ हाय का बाहेर?”

“नाही. मेला तो. सांग तू.”

तिने सांगितलं. थांबत, मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून, सगळं सांगितलं. उत्तमराव एकदाही मध्ये बोलले नाहीत. रडू येत होतं ते त्यांनी येऊ दिलं, पण नजर काढली नाही. बाहेर दोनदा हॉर्न वाजला, मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो सौंसरच्या रस्त्याकडे लांब गेला. नितीन एक पाय चपलेत घालून उंबऱ्यावर तसाच उभा राहिला होता.

सांगून झाल्यावर ती नितीनकडे वळली, एखादी चूक कबूल करावी तशी.

“म्हणून मी गौरवले नाही जाऊ दिलं,” ती म्हणाली. “जनरेटर पाहाले.”

नितीन उंबऱ्यावर खाली बसला. मग खिशातून मोबाइल काढून बापाला लावला.

“बाबा, गाडी वापस फिरवा,” तो म्हणाला.

पलीकडून नत्थूजी काय बोलले ते खोलीत ऐकू आलं नाही. ते खूप वेळ बोलत होते. नितीनने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हटलं.