समुद्रात उतरण्यापूर्वीच्या सूचना

काउंटरवरच्या मुलीने नव्या पाहुण्यांच्या हातात थंड सरबताचे ग्लास दिले आणि पाठ केलेल्या सूचना सांगून टाकल्या. न्याहारी खालच्या हॉलमध्ये, पोहण्याच्या तलावाचे टॉवेल निळे आणि खोलीतले पांढरे, किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, मुक्काम सुखाचा होवो. एवढ्यावर आटोपलं. पाहुणे ग्लास ठेवून आपापल्या खोल्यांकडे निघाले. सेफ्टीसाहेब मात्र जागचे हलले नाहीत.

"झेंडा बदलतो कोण?" त्यांनी विचारलं. "आणि तो रजेवर असला की?"

मुलगी गोंधळली. वहिनींनी शेजारचा सोफा गाठला आणि पाय लांब केले. आता इथे वेळ जाणार हे त्यांना लग्नाच्या अनुभवाने ठाऊक होतं.

साहेब एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. नोकरी नुकतीच संपली होती, सवय संपली नव्हती. ओल्या हाताने बटण दाबलं म्हणून त्यांच्या घरी पाहुण्यांनीही बोलणी खाल्ली होती. सख्ख्या लेकीच्या लग्नात, लोक जेवायला बसायच्या आधी, त्यांनी माइक हातात घेऊन हॉलमधून बाहेर पडायचे दरवाजे कुठे कुठे आहेत ते सांगितलं होतं. व्याह्यांनी तो विषय अजून सोडलेला नाही. समुद्रकाठच्या हॉटेलातला हा चार दिवसांचा मुक्काम लेक आणि जावयाने निवृत्तीची भेट म्हणून दिला होता. बाबांना विश्रांती मिळेल, असं लेक म्हणाली होती. आईला मिळेल असं काही ती म्हणाली नव्हती.

पण वहिनींचा बेत ठरलेला होता. सगळी सोसायटी त्यांना वहिनी म्हणायची, आणि त्यातल्या कुणालाही त्यांना पोहता येतं हे माहीत नव्हतं. लहानपणी मामाच्या गावी नदीत त्या शिकल्या होत्या. त्यातही उताणं तरंगणं त्यांच्या खास आवडीचं. कान पाण्याखाली गेले की आई, मामी, मावशी, सगळ्यांच्या हाका एकदम बंद. लग्नानंतर पाण्याशी त्यांचा संबंध बादलीपुरता राहिला. आता पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर कोण कुठे नेणार होतं? म्हणून बॅगेच्या तळाशी त्यांनी नवा कोरा, गुडघ्यापर्यंतचा, निळा पोहण्याचा पोशाख ठेवला होता. एकदा समुद्रात उताणं तरंगायचं, बास. नवऱ्याला तसं सांगूनही झालं होतं. नवरा "बघू" म्हणाला होता.

पहिल्या दुपारी ऊन फार होतं. ऊन उतरलं तेव्हा ओहोटी लागली होती, आणि ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं, असं साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा हिरवा होता, ऊन कोवळं होतं, समुद्र गरीब गाईसारखा पडून होता. पण न्याहारी नुकतीच झाली होती. भरल्या पोटी पाण्यात उतरायचं नाही. पोट रिकामं झालं तोवर ऊन चढलं. वहिनी बाल्कनीत बसून समुद्र बघत राहिल्या. हे घरी बसून टीव्हीवरही बघता आलं असतं.

त्याच सकाळी शेजारच्या टेबलावर एक बँकवाले एकटेच न्याहारी करत होते. त्यांना साहेबांनी आपणहून बजावलं की खोलीबाहेर जाताना बाल्कनीचं दार लावून घ्या, छपरावर माकडं दिसली. बँकवाले हसले. दुपारी माकडाने त्यांचा चष्मा पळवला आणि समोरच्या माडावर बसून तो डोळ्यांना लावून बघितला. पलीकडच्या खोलीतल्या नव्या जोडप्याला साहेबांनी सांगितलं होतं की ओले कपडे कठड्यावर टाकू नका, संध्याकाळी वारा फिरतो. वारा फिरला. सगळे कपडे सापडले, एक सोडून. तो मॅनेजरच्या ऑफिसच्या पत्र्यावर होता आणि तिथून तो उतरवून आणताना नव्या नवऱ्याची मान वर झाली नाही.

मग काय विचारता. संध्याकाळी साहेबांभोवती माणसं जमली. माडाखाली खुर्ची टाकायची नाही, नारळ विचारून पडत नाही. सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. ढग असले तरी टोपी हवी. पाण्याने आत ओढलंच तर त्याच्याशी झोंबायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं आणि मग बाहेर यायचं. सूचना सगळ्या खऱ्या होत्या, एकही काढून टाकण्यासारखी नव्हती. आपोआप काम होतंय हे पाहून मॅनेजरने साहेबांना विनंती केली की रोज न्याहारीच्या वेळी त्यांनीच चार शब्द बोलावेत. काउंटरवरच्या मुलीने सुटकेचा निःश्वास टाकला.

तिसऱ्या दिवशी साहेब पहाटेच उठून दाढी करून बसले. इस्त्रीचा शर्ट घातला, कारखान्याची शिट्टी गळ्यात अडकवली. निवृत्त झाल्यापासून हा माणूस दिवसच्या दिवस पंख्याकडे बघत बसायचा. त्याला असा रंगात आलेला पाहून वहिनींना बरं वाटलं. रागही आला. दोन्ही एकाच वेळी येण्याची त्यांना सवय होती.

त्या दिवशी किनारा बघण्यासारखा झाला. सगळे पाहुणे टोप्या घालून छत्र्यांखाली बसलेले. साहेबांची शिट्टी वाजली की सगळे मिळून पाणी पीत. समुद्रात मात्र एक माणूस नाही. जीवरक्षक आपल्या उंच खुर्चीवर नखं कापत होता. त्याने वहिनींना गाऱ्हाणं सांगितलं, की काकू, इतका सुरक्षित किनारा मी जन्मात बघितला नाही, असंच चाललं तर मला काढून टाकतील.

दुपारी मॅनेजर स्वतः आला. होड्या रिकाम्या आहेत, पोहण्याचे चष्मे खपत नाहीत, लोक विचारताहेत की समुद्र कधी उघडणार. साहेबांनी सगळ्यांसमोर एकदा पाण्यात उतरून दाखवलं तर लोकांना धीर येईल, असं त्याचं म्हणणं पडलं. साहेब म्हणाले, कान दुखतोय. वहिनींनी चमकून बघितलं. तीन घरं सोडून कुकरची शिट्टी झाली तर किती झाल्या ते सांगणारा हा कान होता. मॅनेजरने मग नुसतं कमरेपर्यंत तरी, असं विचारलं. साहेब म्हणाले, उद्या बघू. मागे बँकवाले पुटपुटले की उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. चष्मा नसल्यामुळे वहिनी तिथेच बसल्यात हे त्यांना दिसलं नाही.

उद्या दुपारी स्टेशनला जायची गाडी येणार होती. उद्या म्हणजे बॅगा भरणं, किल्ली परत करणं आणि गुडघे.

सकाळी साहेब बॅगेत कपडे रचत होते. बाथरूमचं दार उघडून वहिनी निळ्या पोशाखात बाहेर आल्या, त्यावर टॉवेल गुंडाळला आणि सरळ चालू लागल्या. साहेब हातातला शर्ट तसाच टाकून मागे धावले. जाताना पाण्याची बाटली घेतली, टोपी घेतली, बूट झटकून घातले. त्यामुळे त्यांनी बायकोला गाठलं ते एकदम पाण्याच्या कडेला.

"थांब. झेंडा—"

"हिरवा आहे."

"पोटात काही—"

"काही नाही. कालपासून उपाशी आहे मी, तुमच्या नियमासाठी."

हे खोटं होतं, चहा आणि चार बिस्किटं झाली होती. पण साहेबांना त्यावर नियम सुचेना. मागे छत्र्यांखालच्या टोप्या एकेक करून इकडे वळल्या.

साहेबांनी घसा साफ केला. कारखान्यात टाकी धुवायला माणूस आत उतरला, की दुसरा एक टाकीच्या तोंडाशी उभा करतात, असं त्यांनी सांगितलं. त्या बाहेरच्या माणसाला दुसरं काम नसतं. आतल्याच्या चेहऱ्यावरून त्याने नजर हलवायची नाही. आणि काहीही झालं तरी स्वतः आत जायचं नाही, बाहेरून मदत बोलवायची.

"तू उतर," ते म्हणाले. "मी बाहेरचा माणूस."

"तुम्हीही चला की. कमरेइतकं तर पाणी आहे."

"बाहेरचा माणूस आत जात नाही."

"नियम राहू द्या बाजूला," वहिनी म्हणाल्या. "काय आहे ते खरं सांगा."

साहेबांनी गळ्यातली शिट्टी उलटसुलट करून पाहिली.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "पाण्याची. उंचीची वाटते, विजेची वाटते. लहानपणापासूनच. म्हणून तर त्या खात्यात गेलो. तिथे भीतीला पगार होता."

वहिनींनी मनात मोजदाद केली. नावेतली सहल हुकली होती ती नियमामुळे. डोंगरावरचा तारेचा पाळणा, धबधबा, लेकीच्या कॉलेजची नदीकाठची सहल, सगळं नियमामुळे. एकदा, नुसतं एकदा हा माणूस भीती वाटते म्हणाला असता, तर त्यांनी त्याला काठावर चहा देऊन बसवलं असतं आणि स्वतः जाऊन आल्या असत्या. त्यांना नवऱ्याचा भयंकर राग आला. मग आठवलं की हाच माणूस रोज सकाळी त्या ॲसिडच्या टाक्यांशेजारी जाऊन उभा राहत होता, घाबरत घाबरत, आणि लोकांची मुलं धडधाकट घरी पाठवत होता. त्या रागातच त्यांना तो फार आवडला.

"मग घाबरा," त्या म्हणाल्या. "त्यात काय एवढं. पण मला जाऊ द्या."

साहेबांनी टॉवेल हातात घेतला.

वहिनी चालत गेल्या. गुडघे कुरकुरले, मग पाण्याने त्यांचा भार उचलला आणि ते गप्प झाले. छातीपर्यंत पाणी आल्यावर त्या मागे रेलल्या. जमेल की नाही ही धाकधूक क्षणभरच होती. खारं पाणी नदीपेक्षा प्रेमळ निघालं. त्याने त्यांना पाठीखालून अलगद वर धरलं. कान बुडाले. हाका बंद झाल्या, शिट्ट्या बंद झाल्या, वर नुसतं आभाळ उरलं. वहिनींना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, पाण्यात कुणाला कळणार होतं? किती वेळ गेला ते त्यांनी मोजलं नाही.

कुणीतरी काही म्हणतंय असं वाटून त्यांनी मान वर काढली.

"तुझा चेहरा दिसत नाही," साहेब सांगत होते. "लाट मध्ये येते. दिसायला हवा."

आवाज फार जवळून आला. वहिनींनी वळून पाहिलं. चेहरा दिसावा म्हणून साहेब एक पाऊल पुढे आले होते, पुढची लाट आल्यावर आणखी एक, आणि असे करत करत ते बुटांसकट, शर्टासकट, टॉवेल डोक्यावर उंच धरून छातीपर्यंत पाण्यात उभे होते. शिट्टी त्यांच्या पुढ्यात तरंगत होती. पापणी न लवता ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. खाली बघायची त्यांची हिंमत नव्हती.

"मी उभा आहे तिथे पाणी किती आहे गं?" त्यांनी हळूच विचारलं.

वहिनींनी पाण्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"घोट्याएवढं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी नोकरीभर दुसऱ्याने घेतलेलं एकही माप स्वतः तपासल्याशिवाय मान्य केलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "तरंग तू अजून थोडा वेळ."