खिडकी आहे, कपाट नाही

वेबसाइट बनवणाऱ्या या माणसाला घरात सगळे दादा म्हणत, आणि या दादाचं एक वाक्य त्याच्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ झालं होतं. कुणी म्हणालं, सोशल मीडियावरचे आमचे फोटो वेबसाइटवर लावून द्या, की हा सुरू: "लावतो. पण ही खिडकी आहे हां, कपाट नाही. फोटो राहणार तिकडेच, तुमच्या खात्यात. इथून नुसते दिसणार. तिकडून काढलेत की इथूनही गेले." शंभरदा तरी म्हणाला असेल. आता एवढं शहाणपण ज्याच्या जिभेवर, त्याच्या हातून काय व्हावं ते बघा.

त्याची धाकटी बहीण खारू वह्या बांधायची. कागदांना घड्या घालायच्या, सुईदोऱ्याने शिवायचं, पाठीला डिंक लावायचा. प्रत्येक वहीचा फोटो ती खात्यावर टाकायची आणि त्यात चेहरा कधीच नसायचा, फक्त हात. खात्यावर गेला की फोनमधून पुसून टाकायची. वेबसाइट अर्थात दादानेच करून दिली. फोटो उतरवून ठेवायचा कंटाळा केला आणि खिडक्या लावून मोकळा झाला. "तू तिकडे टाक, मी इकडे जोडतो," म्हणाला. अशा जोडून जोडून एकशे बारा झाल्या.

खारू गेली त्याला तीन महिने झाले. आजार जेमतेम आठ दिवसांचा. दुसऱ्याच आठवड्यात दादा कामाला बसला. रडू आलं नाही. वाढलं की जेवायचा, विचारलं की उत्तर द्यायचा. बायको म्हणाली, "अहो, एकदा रडून तरी घ्या." तर म्हणाला, "बघतो." बघतो म्हणे!

मग खारूच्या नवऱ्याचा फोन आला. "दादा, तिच्या खात्यावर लोक अजून विचारतायत, वही कधी मिळेल म्हणून. मला नाही बघवत. बंद करून टाकता का?"

"टाकतो, भाऊजी."

कायमचं काढायचं का, असं स्क्रीनवर आलं. तीस दिवसांत विचार बदलता येईल, असंही आलं. दादाने हो दाबलं आणि चहा प्यायला गेला. फोटो वेबसाइटवर आहेतच, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तीस दिवस गेले, वर आणखी बारा गेले.

आज सकाळी आई त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तीन महिन्यांत तिने खारूचं काही म्हणजे काही बघितलं नव्हतं. भिंतीवरची तसबीरसुद्धा उतरवून पालथी घातली होती.

"मला तिचे हात दाखव," आई म्हणाली. "चेहरा नको, चेहरा मला सोसायचा नाही. हात दाखव."

दादाने वेबसाइट उघडली. एकाखाली एक राखाडी चौकोन, आणि प्रत्येकात तीच ओळ: ही पोस्ट उपलब्ध नाही. तो खाली खाली जात राहिला. एकशे बाराच्या एकशे बारा बघितले.

"नेट गेलंय का रे?"

"नाही. मी तिचं खातं बंद केलं, आई. फोटो तिकडेच होते. मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं."

आई नुसती त्या चौकोनांकडे बघत राहिली. ओरडली असती तर परवडलं असतं. आपल्याला आता भयंकर वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. पण आत नुसतं बधिर होतं.

हाताला चाळा म्हणून त्याने वेबसाइटचा कोड उघडला. प्रत्येक खिडकीच्या जागी फोटोखालचा मजकूर तसाच होता, खारूने स्वतः लिहिलेला. फोटो येईपर्यंत दिसावा म्हणून तो कोडबरोबर येतो. मग पानाच्या शेवटची जावास्क्रिप्टची एक ओळ धावते आणि त्यावर फोटो चढवते. आता ती राखाडी चौकोन चढवत होती. दादाने ती ओळ पुसली आणि पान पुन्हा उघडलं.

चौकोन गेले. खारूचं बोलणं तेवढं उरलं.

आईने स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. "दादा म्हणतो, हात धुऊन फोटो काढत जा. नाही धुणार जा! डिंक आहे, घाण नाही." पुढचं वाचलं. "बोटात सुई गेली. सातव्या पानावर लाल ठिपका आहे, तो फुकट." आई हसली. खरंच हसली. "आज अंगठ्यावर हातोडी बसली. नख बघा कसं काळंनिळं झालंय."

ती थांबली. "कुठला रे अंगठा?"

दादाने तो फोटो स्वतः लावला होता. नीट बसतोय ना म्हणून दहा वेळा बघितला होता. उजवा की डावा, त्याला आठवेना.

"फोटोत दिसत होतं, आई," तो म्हणाला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला रडू फुटलं.