मॅमथच्या दाढेची न घासलेली बाजू

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी दाढ आहे, पण आता कुणाला दुखत नाही. पुण्यात कर्वेनगरातल्या एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात, काचेच्या कपाटात मी राहते. आकाराने एखाद्या मोठ्या पावाएवढी आहे. येणारीजाणारी मुलं मला दगड समजतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

माझा जन्म मॅमथच्या जबड्यात झाला. मॅमथ म्हणजे अंगभर लांब केस असलेला हत्ती. जात्याला छिन्नीने खाचा पाडाव्यात तशा माझ्या अंगावर आडव्या रेघा आहेत. त्यांच्यावर मी दिवसभर गवत दळत असे. दळता दळता माझ्या कडेच्या खाचांत पिवळट कीटण साचलं. तुम्ही दात घासायचा कंटाळा केलात की तुमच्याही दातांवर साचतं, तेच ते. माझ्या मॅमथला त्यावरून कुणी कधी रागावलं नाही.

एके दिवशी दळण थांबलं. का थांबलं, ते मला कळलं नाही. तोंड मिटलेलं असताना दाढेला बाहेरचं काय दिसणार? मग नुसता गारठा. गोठलेल्या मातीत मी हजारो वर्षं पडून होते. त्या काळात माझ्या मॅमथची सगळी जातच पृथ्वीवरून नाहीशी झाली. हे मला पुण्यात आल्यावर, एका तासाला वर्गात नेलं तेव्हा समजलं. शिकवणाऱ्यांनी ते एका वाक्यात सांगितलं आणि खडू खाली ठेवला. मला फार एकटं वाटलं.

पुण्यात मी अदलाबदलीत आले. विभागातल्या एका प्राध्यापकांनी आपल्याकडच्या खाणींत मिळणारे सुंदर स्फटिक रशियातल्या एका संग्रहालयाला दिले आणि बदल्यात मला आणलं. मी सारखी कलंडायचे, म्हणून त्यांनी माझं बूड पॅरिस प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवलं. तो पांढरा ठोकळा मला मुळीच आवडला नाही. पैठणी नेसून खाली कॅनव्हासचे बूट घालावेत, तसं ते ध्यान दिसायचं. तरी सर होते तोवर माझं कौतुक होतं. ते निवृत्त झाले आणि मी कपाटातली एक वस्तू होऊन राहिले.

वर्षातून एकदा मात्र माझी आठवण व्हायची, ती खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी विभागातली सगळी हत्यारं आणि उपकरणं पुसून त्यांची पूजा होते. हातोड्या, छिन्न्या, सूक्ष्मदर्शक आणि त्यांच्या रांगेत मी. मांजरी गावाहून साफसफाईला येणाऱ्या आमच्या सुशीलाबाई मला मोरीत नेऊन ब्रशने खसाखसा घासायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि वर झेंडूचं फूल ठेवायच्या. खरं सांगते, ते घासणं मला आवडायचं. वर्षभरात तेवढाच कुणाचा तरी हात लागायचा.

अशाच एका दसऱ्याच्या तोंडावर नीरजा आली. जुन्या हाडांत आणि दातांत अडकलेल्या जंतूंचा डीएनए शोधणं हे तिचं काम. डीएनए म्हणजे प्रत्येक जिवाच्या आत असलेली त्याची ओळख. ती विभागप्रमुख पद्मजाबाईंना म्हणाली, “मॅडम, प्राणी नाहीसा झाला, तरी त्याच्या तोंडातले जंतू दातावरच्या कीटणात अडकून राहिलेले असू शकतात. त्याच्याबरोबर कोण राहत होतं, ते कळेल.”

मी कपाटात ताठ झाले. माझ्याबरोबर कोण राहत होतं? मित्रांनो, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही ते ठाऊक नव्हतं!

पद्मजाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “आमच्याकडे ही एकच आहे. भोक पाडायचं ते एकदाच आणि एकाच जागी. चुकलीस तर पुन्हा मागायला येऊ नकोस.”

नीरजाने हातमोजे घातले, तोंडाला पट्टी बांधली आणि ती मला भिंगाखाली फिरवायला लागली. एवढ्यात सुशीलाबाई पुढे झाल्या.

“खुशाल घ्या, ताई,” त्या अभिमानाने म्हणाल्या. “दर खंडेनवमीला ब्रशनं घासती मी तिला. मळाचा कण गावायचा न्हाई!”

नीरजाचा हात थांबला. “मावशी, मला मळच हवा होता,” ती हळूच म्हणाली.

सुशीलाबाईंचं तोंड एवढंसं झालं. “आता घाण ठेवायची असती, हे मला कुणी सांगितलं व्हतं का?”

“नाही सांगितलं,” पद्मजाबाई म्हणाल्या. “आम्हीच पूजेआधी ‘स्वच्छ घासा’ म्हणून मागे लागायचो. प्रसादालाही आम्हीच पुढे.”

इकडे माझा जीव कासावीस. मला माहीत होतं! एक जागा होती, जिथे कधीच ब्रश पोचला नव्हता. पण दाढेने बोलायचं कसं? बोलायला जीभ लागते, आणि ती केव्हाच गेली. नीरजाने टोचणी उचलली आणि ती माझ्या चकचकीत कुशीवर टेकवली. तिथे काही नाही गं, मी मनात ओरडले.

तिने टोचणी परत खाली ठेवली. मला उलटसुलट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, “मावशी, घासताना हात कुठे पोचत नाही?”

सुशीलाबाईंनी पदराने हात कोरडा केला आणि बोट दाखवलं. “ह्या पांढऱ्या बुडात. त्ये काढायचं न्हाई अशी ताकीद हाय.”

“एकच भोक ठरलं होतं,” पद्मजाबाई म्हणाल्या, “आता पायच काढायला निघालीस.” पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

माझी रवानगी शहरातल्या दुसऱ्या एका अतिस्वच्छ प्रयोगशाळेत झाली. बारीक करवतीने तो ठोकळा उतरवला. खाली, मुळाजवळच्या खाचेत, पिवळट कीटण तसंच होतं. नीरजाने त्यातलं चिमूटभर खरवडलं, आणि मला जराही दुखलं नाही. नंतर तिने माझ्या वरच्या अंगावरून आणि सुशीलाबाईंच्या तळहातावरूनही कापसाचा बोळा फिरवून घेतला. त्यांचे जंतू कोणते हे कळलं, तर ते हिशेबातून वगळता येतात. “प्लास्टरनं आणि पुण्याच्या उन्हाळ्यांनी काय शिल्लक ठेवलंय, बघू,” ती म्हणाली.

मी बोडक्या बुडाने कपाटात परतले आणि वाट बघत राहिले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रस्त्यावर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज सुरू झाला तेव्हा नीरजा आली.

सुशीलाबाईंनीच आधी विचारलं, “माझे किती निघाले?”

नीरजा हसली. “वरच्या भागात तुमचे, माझे, अर्ध्या पुण्याचे. पण खाचेतले वेगळे आहेत. त्यांच्या डीएनएचे अगदी बारीक तुकडे झालेत, जुन्या लुगड्याच्या काठासारखी टोकं विरलीत. म्हणजे ते खरोखर जुने आहेत. आणि त्यातले काही आजच्या हत्तींच्या तोंडात राहणाऱ्या जंतूंचे नातलग निघाले!”

“जिते हायत?”

“नाही, मावशी. कधीच मेले.”

सुशीलाबाई माझ्याकडे वळल्या. “तरी सोबत व्हती म्हणायची हिला,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला त्या क्षणी रडता आलं असतं तर मी रडले असते. एवढी वर्षं मी स्वतःला एकटी समजत होते, आणि माझ्या मॅमथच्या घरचीच मंडळी माझ्या बुडाशी बसून होती. ज्या ठोकळ्याची मला लाज वाटायची, त्यानेच त्यांना सांभाळलं होतं.

म्हणून एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू हाती आली की तिला चकचकीत करायची घाई करू नका. आधी जाणत्याला विचारा. तुम्हाला जो मळ वाटतो, ते कुणाचं तरी घर असू शकतं.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. आता मी झाकणाच्या पेटीत असते. सुशीलाबाईंनी हातोड्या घासल्या, छिन्न्या घासल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. ब्रश त्यांनी पाठीमागे धरला होता. झेंडूचं फूल त्यांनी झाकणावर ठेवलं आणि हळदकुंकू पेटीला लावलं. एकच नाही, दोन बोटं लावली. एक माझं आणि एक आतल्या मंडळींचं.