कॅल्शियमची ओळ

नोट्सच्या गठ्ठ्याची पिन नवी होती, चकचकीत. पण तिच्या शेजारीच आणखी एका पिनेची काळी सावली होती — कुठल्या तरी जुन्या प्रतीला मारलेली, गंजलेली पिन, झेरॉक्समधून झेरॉक्समध्ये उतरत आजवर आलेली. तिनं त्या सावलीवरून बोट फिरवलं. हाताला काहीच लागलं नाही. किती प्रतींपूर्वीची असेल ही... अक्षरांच्या कडा जाडावल्या होत्या, सूत्रांखालचे बारीक आकडे मुंगीएवढे ठिपके झाले होते, आणि तरीही उजवीकडे कललेलं ते अक्षर दादाचं आहे, हे तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनसुद्धा सांगता आलं असतं.

सगळं दादाचं नव्हतं. पण ते सध्या राहू दे.

पहिल्या वर्षाच्या मुलांनी रसायनशास्त्राचा अभ्यास कशावरून करावा, याची यादी चार वाजेपर्यंत द्यायची होती. पुस्तकं, संकेतस्थळं, व्हिडिओ, सोडवलेली गणितं — सगळं पारखून घेऊन. कॉलेजच्या साइटवर ती यादी जाणार होती. सकाळपासून ती व्हिडिओ बघत होती. एक गृहस्थ मोलची कल्पना इतक्या हसतमुखानं समजावत होते, की रसायनशास्त्र शिकवायला एवढा आनंद कशाला लागतो हेच तिला कळेना. दुसऱ्याचं संगीत समीकरणापेक्षा मोठं. तिसरी बाई मात्र छान शिकवत होती, फळ्यावर, खडूनं, मधेच चुकून, पुसून... तिचं नाव तिनं यादीत घातलं. प्रश्नसंचाच्या एका साइटवर दहांतली तीन उत्तरं चुकीची निघाली. ती तिनं वैतागून काटली. दुसऱ्यांच्या चुका काटताना तिचा हात मुळीच थांबत नसे.

मुलांकडून फॉर्मही भरून घेतले होते. तुम्ही अभ्यास कशावरून करता? तिनं विचार करून अकरा पर्याय दिले होते. एकशेदहा मुलांपैकी शहाऐंशी जणांनी ते अकराही सोडून खाली ‘इतर’समोर लिहिलं होतं — सरांच्या नोट्स. कोण सर, असं विचारलं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं. सर गेले तेव्हा ही मुलं चार वर्षांची असतील. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गठ्ठा तयार असतो, वरचे खालच्यांना सांगतात, आणि चौदा वर्षं झाली, दादा दरवर्षी नव्या शंभर दप्तरांतून घरोघर जातो.

विभागप्रमुख चहाचा कप हातात घेऊनच आत आले.

“मॅडम, त्या झेरॉक्सचं एकदा काय ते करून टाका.”

“काय करू?”

“यादीत घ्यायच्या तर नीट करून घ्या, नाहीतर बंदच करा. फ्लेम टेस्टच्या त्या घोळावरून बाहेरचे परीक्षक दरवर्षी चिमटे काढतात हो. कॅल्शियमला किरमिजी लिहिलेलं दिसलं, की लगेच, ही तुमच्या सरांची मुलं का!” मग त्यांना आठवलं की आपण सरांच्या बहिणीशी बोलतो आहोत. त्यांनी आवाज खाली आणला. “माणूस मोठाच होता, त्यात प्रश्नच नाही. पण शेवटी शेवटी, आजारपणात... होतं एखाद्याचं.”

ती ‘हो’ म्हणाली. चौदा वर्षं ती या वाक्याला ‘हो’च म्हणत आली होती.

क्षाराचे चार कण तारेवर घेऊन ज्योतीत धरायचे आणि रंगावरून धातू ओळखायचा — पहिल्या वर्षातला सगळ्यात सोपा प्रयोग. कॅल्शियमची ज्योत विटकरी, स्ट्रॉन्शियमची किरमिजी. नोट्समध्ये त्या दोन ओळींची अदलाबदल झालेली. तेवढंच. चारशे पानांत तेवढंच. आणि मुलं डोळ्यांनी विटकरी बघतात आणि वहीत किरमिजी लिहितात, कारण सरांचं चुकेल कसं.

सरांचं चुकलं नव्हतंच. माझं चुकलं होतं.

दादाच्या आजारपणातल्या त्या खोलीतला पंखा एका लयीत कुरकुरायचा. दादाच्या बोटांतून पेन निसटायला लागलं, तेव्हा शेवटचं प्रकरण उरलं होतं, चारच पानं. तो म्हणाला, तू लिही, मी सांगतो. आणि माझ्याच अक्षरात लिही बरं का, मुलांना वाटायला नको की सर मध्येच पळाले. लहानपणी त्याच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच करायचे, त्याचं अक्षर तर डाव्या हातचा मळ. तो डोळे मिटून सांगत होता आणि मी लिहीत होते... लिहीत कसली होते, त्याच्याकडे बघत होते. गळ्याजवळची कातडी किती सैल झालीय, नखं पिवळी पडलीत, परवापेक्षा आज जास्त. “कसा दिसतोय मी?” त्यानं मधेच विचारलं. मी म्हटलं, “आज तोंडावर तेज आहे हं.” त्याच क्षणी, बहुतेक त्याच क्षणी, माझ्या हातानं खालची ओळ वर लिहिली.

तो म्हणाला, “वाच बघू एकदा.”

आणि ती वाचून दाखवायला लागली — कॅल्शियम, विटकरी; स्ट्रॉन्शियम, किरमिजी; बेरियम, पोपटी — घडाघडा, बिनचूक, कारण तिला तो तक्ता सोळाव्या वर्षापासून तोंडपाठ होता. डोळे कागदावर होते, पण तिनं कागद वाचलाच नाही. जे असायला हवं ते वाचलं. अडाण्याकडून ही चूक झाली नसती, त्यानं अक्षर न् अक्षर लावून वाचलं असतं. दादा समाधानानं म्हणाला, “बरोबर आहे.” नवव्या दिवशी तो गेला.

चूक तिला कळली पुढच्या वर्षी, उत्तरपत्रिका तपासताना. तेव्हाच बोलायचं होतं. पण तोवर ती चार पानं वहिनीची झाली होती. मूळ वही वहिनीनं कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली ठेवलेली, आणि येईल त्याला ती शेवटची पानं काढून दाखवायची — हात उचलवत नव्हता, पण बघा, शेवटपर्यंत लिहीत होते. काय सांगणार होते मी तिला? परीक्षकांपुढे दादाचं नाव धुऊन काढायचं, तर वहिनीच्या हातातून त्याचं शेवटचं अक्षर काढून घ्यायचं. एकाला न्याय दिला की दुसरीचं घर बसलं. मग मी गप्प राहिले. हे कारण पक्कं होतं, आणि चौदा वर्षं पुरलं होतं.

दुपारी तिनं वहिनीला फोन लावला. यादीत नोट्स घ्यायच्या तर मूळ वहीवरून स्वच्छ प्रत काढायला हवी.

“ने की,” वहिनी म्हणाली. “अगं, त्यांचंच काम आहे ते. पण जपून हं. आणि शेवटची पानं आधी कर, त्यांची शाई उडायला लागलीय... काल बघत होते मी. इतका हात थरथरायचा गं त्यांचा, पाण्याचा पेला धरवत नव्हता, आणि एक रेघ वाकडी नाही बघ. कुठून आणलं असेल एवढं बळ?”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतेयस ना?”

“हो वहिनी. उद्या येते न्यायला.”

फोन ठेवला तेव्हा एक मुलगी दारात उभी होती, हातात झेरॉक्सचा गठ्ठा. पहिल्या वर्षाची. मागच्या बाकावर बसणारी, कधी काही न विचारणारी.

“मॅडम, पुस्तकात एक आहे आणि सरांच्या नोट्समध्ये दुसरंच. कुठलं पाठ करू?”

ती मुलीला घेऊन प्रयोगशाळेत गेली, बर्नर पेटवला, तार आम्लात बुडवून स्वच्छ केली, बाटलीतून कॅल्शियमचा क्षार घेतला आणि तार मुलीच्याच हातात दिली.

“काय दिसतंय?”

मुलीनं ज्योतीकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. “किरमिजी?”

“नोट्समधलं नको. दिसतंय ते सांग.”

“पण मॅडम... मला ते विटेसारखं दिसतंय.”

“मग तेच आहे.”

“म्हणजे सर चुकले?”

नेहमीचं ‘हो’ ओठांपर्यंत आलं होतं. पण ती म्हणाली, “नाही. ते पान मी लिहिलंय. सरांनी बरोबर सांगितलं होतं, मी चुकीचं लिहिलं.”

छताला काही तडा गेला नाही. मुलगी “बरं” म्हणाली, तार ठेवली, तिथेच उभ्या उभ्या पेनानं दोन ओळी खोडून वर नीट लिहून घेतल्या, “थँक्यू मॅडम” म्हणून निघून गेली. दहा सेकंदांचं काम. तिला रडू आलं, ते त्या दहा सेकंदांचं. इतकं सोपं होतं हे, आणि इतकी वर्षं...

बर्नर तसाच जळत होता. तो बंद करायला हवा, चार वाजत आले, यादी जायची आहे, हे सगळं तिला कळत होतं. पण मनात भलतंच चाललं होतं. दरवर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले की ती आधी तो प्रश्न उघडून बघायची. आधी तोच, का? अनोळखी पोरांच्या अक्षरांत ‘कॅल्शियम — किरमिजी’ दिसलं की वाईट वाटायचं, मग ती गुण कापायची... आणि त्याच्या खाली, अगदी खाली, बरं वाटायचं. बरंच वाटायचं! ती खोली, तो पंखा, मिटलेले डोळे, ‘वाच बघू एकदा’ — वर्षातून एकदा शंभर जागी ते सगळं जसंच्या तसं परत मिळायचं. वहिनीनं चार पानं जपली, तर मी शंभर पोरांचे गुण कापून एक ओळ जपली. वहिनीसाठी गप्प राहिले, असं म्हणत होते मी. वहिनीचं नुसतं नाव होतं.

आता उद्या वहिनीच्या घरी जायचं आहे. सांगेन किंवा सांगणार नाही, ते खरंच अजून ठरत नाही. सांगितलं तर ती काय करील? वही मिटून ठेवील, की मला तीच पानं वाचून दाखवायला लावील... पण पुढच्या वर्षी गठ्ठे येतील, मुलांनी सगळ्यांनी विटकरी लिहिलेलं असेल, बरोबर असेल, आणि त्या सगळ्या बरोबर उत्तरांत दादा कुठेच नसेल. चौदा वर्षांत तिला पहिल्यांदाच तो गेल्यासारखा वाटला.