सोनेरी रेष आणि लालीबाईची घुगरी

दारव्ह्याच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. बाजाराचा दिवस, जीपा भरभरून माणसं आलेली. स्टेजवर भगवा कोट घातलेला भावेश्वर महाराज आणि त्याच्या मागं पडद्यावर हजार रंगीत रेषा, खराट्यासारख्या फाकलेल्या.

"ह्या उद्याच्या हजार वाटा!" महाराज गरजला. "शेअरचा भाव चढन का पडन, देवानं लिहून ठेवलं हाये. माहं यंत्र त्यातली खरी वाट सोनेरी करते. तुमचे बापजादे बैलावर मीठ लादून मुलुखभर फिरले. तांड्याच्या नायकानं वाट सांगितली का कोणी 'काहून' इचारलं?"

"नाही!" हॉल दणाणला.

"मंग पैसे भरा, मी ते शेअरात लावून वाढवतो. अन् मोबाइलवर आलेली वाट कोणाले दाखवू नका, शपथ हाये. दाखवली का फळ गेलं!"

मग त्यानं कालच्या रेषा दाखवल्या. काल शेअर बाजार जसा चालला, तश्शी एक सोनेरी रेष त्यांत चमकत होती. टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार! मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. मला आधी हसू आलं, मग संताप. पण शेजारी उभ्या लालीबाईचे डोळे भरून आले होते. तिची मुलगी राखी माझी विद्यार्थिनी.

"नाहिद मॅडम, आता जमते त्याईचं ऑपरेशन," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याच्या, खेमसिंगच्या, हृदयाची झडप खराब झाली होती. नागपूरच्या डॉक्टरनं तारीख दिली होती, पण पैसे थोडे कमी पडत होते. माझं लक्ष तिच्या केसांकडे गेलं. बटांत गुंफायचा चांदीचा दागिना, घुगरी, तिथं नव्हता. बंजारा बाई नवरा जिवंत असेतो घुगरी उतरवत नाही.

"विकली?"

"त्याईच्यासाठीच तं विकली."

"लालीबाई, हा भामटा आहे. जे जमलंय ते घेऊन नागपूरला जा, उरलेल्याचं आपण बघू." मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवला आणि पैसे भरायच्या रांगेत गेली.

तिचे आणि साऱ्या तांड्याचे पैसे बुडाले. महाराज बाभुळगावकडे नवा हॉल घेऊन बसला म्हणे. ऑपरेशनची तारीख टळली आणि खेमसिंग गेला.

मी तांड्यावर गेले, तेव्हा लालीबाई अंगणात भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिची जाऊ बसंतीबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "घुगरी उतरवली तवाच समजलो होतो आमी."

"खरं हाये मॅडम," लालीबाई भिंतीलाच म्हणाली. "म्या खाल्लं नवऱ्याले."

माझं डोकं फिरलं. "आणा सगळ्यांचे मोबाइल!"

"शपथ हाये ना मॅडम," दीर रामसिंग चाचरला.

"शपथ घालणारा पळाला, तुम्ही कशाला धरून बसलाय?"

खाटेवर मोबाइल मांडले. एकाच दिवसाच्या वाटा. रामसिंगची चढलेली, बसंतीबाईची पडलेली, लालीबाईची चढून पडलेली.

"आमाले वाटलं, साऱ्याईले एकच वाट देल्ली असन," रामसिंग पुटपुटला.

नायक साऱ्या तांड्याला एकच वाट सांगत असे. घरागणिक वेगळी सांगणारा नायक कोणाच्या स्वप्नातही नव्हता. ज्याची जुळली तो नाचला, ज्याची चुकली तो आपलंच काही चुकलं म्हणून गप्प राहिला.

मी लॅपटॉप उघडला, बटण दाबलं. तशाच हजार रेषा!

"हे फासे आहेत. कॉम्प्युटर हजारदा टाकतो. याचं खरं काम निराळं. कापसाला इसार देतात ना, दिवाळीत या भावानं घेईन म्हणून? भाव चढला तरी ठरल्या भावात माल मिळतो, पडला तर इसार बुडतो, बाकी सुटका. बाजारात असे करार विकतात. त्या इसाराची वाजवी किंमत किती? उद्याचा भाव कोणालाच ठाऊक नाही. म्हणून हजार शक्यता काढायच्या, प्रत्येकीत किती मिळेल ते बघायचं आणि सरासरी घ्यायची. एकटी रेष काहीच सांगत नाही."

"अन् सोनेरी?"

"बाजार बंद झाल्यावर जुळणारी शोधायची, रंगवायची. निकाल लागल्यावर पास कोण होणार ते मीही सांगते!"

रामसिंगनं महाराजाला अस्सल शिवी हासडली. बसंतीबाई मात्र हटेना. "ते समजलं. पण घुगरीचं काय?"

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातली भुरीबाई बोलली. म्हातारी, विधवा. "म्या तं कदीच उतरवली नव्हती. न्हाताना बी नाही. माहा काहून गेला मंग?"

मी अंगणातल्या बायकांकडे वळले.

"नवरा जाईपर्यंत कोणाकोणाच्या केसांत घुगरी होती?" मी विचारलं. अंगणातल्या एकेका विधवेचा हात वर झाला. एकही खाली राहिला नाही.

लालीबाईनं वळून ते हात पाहिले. "म्हंजे... म्या नाही मारलं त्याईले?"

"नाही गं बाई. झडप खराब होती, आणि उपचाराचे पैसे त्या चोरानं नेले."

तेव्हा ती हंबरडा फोडून रडली. बसंतीबाईच उठून तिला कवेत घेऊन बसली.

लोकहो, जुळलेलं तेवढं मोजायचं आणि चुकलेलं विसरायचं, यावरच भावेश्वर जगतो आणि घुगरीचा शापही. कोणी सोनेरी रेष दाखवली तर बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव मागा. विधवेला बोल लावण्याआधी शेजारच्या विधवांना विचारा. आणि वेळेवर विचारा हो, कारण सगळं समजल्यावरही खेमसिंग परत येत नाही.