बाजाराच्या पिशवीला झालेला रोग

सुकापूरला एका इमारतीच्या पार्किंगमध्ये हळदमहाराज बायकांच्या पिशव्या साफ करत होते. गर्भपिशव्या. पण आमच्याकडे नुसतं पिशवी म्हणतात. गाड्या रस्त्यावर, बाया आत.

परस्त्रीचं तोंड बघायचं नाही म्हणून महाराज डोळे मिटून हळदीचा कपडा पोटावर दाबत आणि एका कलशात बुडवत. कपडा रक्तासारखा लाल! "आली, घाण बाहेर आली!" दुसऱ्या कलशात बुडवला की पुन्हा पिवळा. रोग गेला. टाळ्या.

माझी वहिनी रोशनी रोज त्या रांगेत. तपासणीत तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी बऱ्याच बदललेल्या निघाल्या होत्या. तेवढा भाग काढायची डॉ. शोशाना पेणकरांनी दिलेली तारीख तिने रद्द केली. तिची आई त्याच जागेच्या कॅन्सरने गेली होती.

"आईला कापली तरी गेली, भावोजी. मला नाय कापून घ्यायचं."

तिचा नवरा, माझा निकेशदादा, रडून झाला, मी हातापाया पडून झालो. उरला फक्त मूर्खपणा.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या आईला घेऊन वहिनीच्या पुढे रांगेत घुसलो आणि महाराजांच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर तिची बाजाराची पिशवी धरली. आत मेथी आणि सुके बोंबील.

महाराजांनी कपडा दाबला, नाक मुरडलं. "लय जुना रोग आहे, बाई! वाससुद्धा येतोय!"

कलशात कपडा लालभडक.

आई, कमळाबाई, पुढे झाली आणि तिने कलशात बोट बुडवून चोळलं. "मेल्या, ह्यो तं धुण्याचा सोडा! लग्नातल्या हळदीचा सदरा सोड्यात टाकला का असाच लाल व्हतो. तवा काय सदऱ्याला पिशवी असते?" दुसऱ्या कलशात लिंबाचं पाणी होतं. हळद सोड्यात लाल होते, आंबटात पिवळी. एवढाच चमत्कार.

पार्किंग हसलं. वहिनीने मात्र माझी बाही पकडली.

"मंग माझ्यातलं काय गेलंच नाय? आता मी कुठं जाऊ?"

आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. तिथे ती भांडायलाच बसली. "तुमीपण व्हिनेगर लावून रंगच बघितला ना?"

"बघितला," डॉक्टर म्हणाल्या. "बिघडलेली जागा पांढरी पडली, शेजारची चांगली जागा नाही पडली. महाराजांचा कपडा एखाद्या बाईच्या वेळी तरी पहिल्या कलशात पिवळाच राहिलेला पाहिलात?"

वहिनीने नकारार्थी मान हलवली.

"शिवाय त्या जागेचा तुकडा लॅबमध्ये तपासलाय. हा कॅन्सर नाही, त्याच्या आधीची पायरी आहे. आईंचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. तुमचं आधी कळलंय."

"पण मलाच का झाला?"

"एचपीव्ही नावाचा विषाणू. शरीरसंबंधातून येतो, बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो. काहींचा टिकतो. तंबाखू, मिश्री त्याला हातभार लावते. यात कुणाचं चारित्र्य शोधू नका."

निकेशदादा फरशीकडे बघत होता. वहिनीने त्याचा हात धरला, घट्ट, नखं रुततील इतका. "उद्या जमेल?" तिने विचारलं. तिचा आवाज कापत होता.

दुसऱ्या दिवशी तेवढा भाग काढून घ्यायला ती आत गेली तेव्हाही कापतच होती. भीती कुठल्याच पाण्यात उतरत नाही. पण घाबरलेल्या माणसालाही तपासणी करून घेता येते. तिशी ओलांडलेल्या बायांनो, काही दुखत नसतानाच जा. मुलींना एचपीव्हीची लस द्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: निरोग्यावर करून दाखवता का?